सेव्ह केलेले गीत उघडत नाही तेव्हा
(गायनवृंदासाठी एक पाठ)



आजचा पाठ मुख्यतः आपल्या गायनवृंदासाठी आहे. परंतु ज्यांच्या घरी संगणक आहे त्या सर्वांनी तो वाचावा.

प्रथम गेल्या उपवासकाळात घडलेली गोष्ट. आपल्या वृंदाचे वयोवृद्ध मास्तर पास्काचे एक जुने गीत चार आवाजांत बसवीत असत. त्यातील बासचा भाग कधी कागदावर उतरलाच नव्हता. तो केवळ त्यांच्या कंठात होता. वृंदातील एक मुलगी तीन संध्याकाळी त्यांच्याजवळ बसली आणि तिने सारे गीत संगणकावर स्वरलिपीत उतरविले. तिसऱ्या संध्याकाळी तिने सेव्हचे बटण दाबले आणि घाईने पेन ड्राईव्ह उपटला तो आम्हीच. दुसऱ्या दिवशी चर्च ऑफिसच्या संगणकावर फाईल उघडेना. नाव जागेवर होते, गीत मात्र नव्हते.

असे पुन्हा घडू नये म्हणून आम्ही जे शिकलो ते क्रमाने मांडतो.

१. सेव्ह होणे म्हणजे काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना पहिल्याच वर्षी सांगितले गेले होते, की जे दिसते ते आणि जे आहे ते एकच असेल असे नाही. पडद्यावर दिसणारे गीत संगणकाच्या तात्पुरत्या स्मरणात असते. सेव्ह केल्यावर ते डिस्कवर लिहिले जाते, आणि लिहावयास थोडा तरी वेळ लागतो. मध्येच वीज गेली किंवा पेन ड्राईव्ह काढला, तर लिखाण अर्धवट राहते. म्हणून पेन ड्राईव्ह नेहमी 'इजेक्ट' करूनच काढावा. सेव्ह झाले याचा खरा पुरावा एकच: फाईल बंद करून पुन्हा उघडून पाहणे.

२. हात लावण्यापूर्वी प्रत

फाईल उघडत नाही म्हटले की आपण घाबरून काहीतरी करू लागतो. थांबावे. फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे तो सबंध फोल्डर, लपलेल्या फाईलींसह, दुसऱ्या ठिकाणी कॉपी करावा. पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत. याचे कारण चौथ्या भागात कळेल.

३. पेटी फुटली की हिशेब चुकला?

आपल्याकडे बहुतेकजण म्यूझस्कोअर हा मोफत प्रोग्राम वापरतात. त्याची एमएससीझेड प्रकारची फाईल म्हणजे खरे पाहता एक झिप पेटी असते. आत गीताचे सारे स्वर साध्या मजकुराच्या रूपात लिहिलेले असतात. झिप पेटीची अनुक्रमणिका पेटीच्या अगदी शेवटी असते. लिखाण मध्येच तुटले तर नेमका शेवट नसतो, आणि मग पेटी उघडतच नाही. तपासण्यासाठी प्रतीच्या नावाचा शेवट बदलून 'झिप' करावा आणि उघडून पाहावे. फाईलचा आकार शून्य दिसत असेल तर आत काहीच उरलेले नाही असे समजावे.

दुसरा बिघाड वेगळा आहे. पेटी उघडते, पण प्रोग्राम सांगतो की अमुक बारमध्ये मात्रा कमी किंवा जास्त आहेत. चारचार तालाच्या बारमध्ये साडेतीनच मात्रा भरल्या, तर हिशेब जुळत नाही. येथे गीत गेलेले नाही, एक बार तेवढा बिघडला आहे. संदेशात बारचा क्रमांक आणि ओळ दिलेली असते. ती लिहून घ्यावी. बिघडलेल्या बारशेजारी एक कोरा बार घालावा, चांगले आवाज त्यात कॉपी करावेत, बिघडलेल्या आवाजाचे स्वर हाताने पुन्हा लिहावेत आणि मग जुना बार काढून टाकावा. तोवर काम सेव्ह करावयाचेच असेल तर नवे नाव द्यावे. जुन्या चांगल्या फाईलवर लिहू नये.

४. लपलेली प्रत

पेटीच फुटली असेल तर दुरुस्ती करीत बसण्यापेक्षा आधीची प्रत शोधावी. म्यूझस्कोअर प्रत्येक वेळी सेव्ह करताना त्याआधीच्या फाईलची एक प्रत बाजूला ठेवतो. चौथ्या आवृत्तीत, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, ही प्रत गीताच्याच फोल्डरमधील 'एमएससीबॅकअप' नावाच्या लपलेल्या फोल्डरात असते. त्या फोल्डरच्या नावाआधी टिंब असते. तिसऱ्या आवृत्तीत ती त्याच फोल्डरमध्ये, नावाआधी टिंब आणि नावानंतर स्वल्पविराम अशी लपलेली असते. लपलेल्या फाईली दाखविण्याची सोय संगणकाच्या 'व्ह्यू' मेनूत आहे. प्रत दुसरीकडे कॉपी करावी, नावाआधीचे टिंब आणि शेवटचे चिन्ह पुसावे, आणि उघडावी.

पण लक्षात घ्या, ही प्रत फक्त एक पाऊल मागची असते. बिघडलेले गीत आपण दोनदा सेव्ह केले, की चांगली प्रतही पुसली जाते. म्हणूनच वर म्हटले: आधी कॉपी, मग प्रयत्न.

५. सेव्हच होत नाही तेव्हा

प्रोग्राम बंद करू नका. गीत अजून पडद्यावर जिवंत आहे. 'सेव्ह ॲज' वापरून दुसऱ्या फोल्डरमध्ये, साध्या आणि छोट्या नावाने सेव्ह करून पाहा. मग कारण शोधा. डिस्क भरली आहे का? फाईल केवळ वाचण्यापुरती खुली आहे का? इंटरनेटवर आपोआप प्रती पाठविणाऱ्या फोल्डरने ती क्षणभर अडवून धरली आहे का? विंडोजमध्ये खंडणीखोर व्हायरसपासून फोल्डरचे रक्षण करणारी एक सोय आहे. ती चालू असेल तर अनोळखी प्रोग्रामला ती 'डॉक्युमेंट्स'मध्ये लिहूच देत नाही. तेथे आपल्या प्रोग्रामला परवानगी द्यावी.

६. दुसरे घर

एकाच प्रोग्रामच्या फाईलीवर विसंबून राहू नये. १९८८ पासून जगभर वापरल्या गेलेल्या फिनाले या स्वरलिपीच्या प्रोग्रामचा विकास थांबवीत असल्याचे त्याच्या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले. वर्षानुवर्षे त्यात लिहिणाऱ्यांना आपले काम दुसरीकडे हलवावे लागले. त्यासाठी उपयोगी पडते ती म्युझिकएक्सएमएल फाईल. २००४ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली आणि आज बहुतेक प्रोग्राम ती वाचतात. पानाची मांडणी थोडी हलते, पण स्वर आणि शब्द राहतात. तिच्या जोडीला एक पीडीएफ आणि एक छापील कागद ठेवावा. कागदाला प्रोग्राम लागत नाही.

आता आपल्या गीताचे काय झाले ते सांगतो. लपलेली प्रत सापडली. तीत शेवटचे आठ बार सोडून सारे होते. आम्ही मास्तरांकडे जाऊन आपली चूक सांगितली. ते हसले आणि त्यांनी ते बार पुन्हा गाऊन दाखविले. परंतु एका ठिकाणी सूर वेगळा लागला, असे त्या मुलीने हळूच सांगितले. पहिल्या वेळी कोणता सूर होता हे मास्तरांनाही आठवेना. पास्काच्या रात्री आपण जे गायिलो ते दुसऱ्या वेळचे.

ह्या आठवड्यात करावयाचे:

• आपल्याकडील प्रत्येक गीताची फाईल एकदा उघडून पाहा.
• प्रत्येकाची म्युझिकएक्सएमएल आणि पीडीएफ प्रत चर्च ऑफिसमध्ये आणून द्या.
• घरातील वडीलधाऱ्यांना विचारा: कागदावर न उतरलेले कोणते गीत त्यांना येते? ते उतरविण्यास आजच बसा.

तुमचे धर्मगुरू