एक लाखाचा चरखा आणि शिकणारे यंत्र

वर्ध्याला सहलीला गेलात तर सेवाग्राम आश्रमाबरोबर मगनवाडीतले मगन संग्रहालयही अवश्य पाहा. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. खादी आणि ग्रामोद्योगाची तऱ्हेतऱ्हेची साधने व चरखे तेथे मांडलेले आहेत. ते पाहताना एका जुन्या स्पर्धेची आठवण ठेवा.

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने जाहीर केले, की चांगला चरखा बनवणाऱ्यास एक लाख रुपये बक्षीस देण्यात येईल. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. पण अटी कडक होत्या. चरखा हलका असावा व झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावा. एका स्त्रीला फारसे न थकता तो आठ तास चालवता यावा. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी. वेळोवेळी दुरुस्ती करून तो वीस वर्षे चालावा आणि दर वर्षीचा दुरुस्तीचा खर्च किमतीच्या शेकडा ५ पेक्षा अधिक नसावा. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात तयार झालेले यंत्र परीक्षेपर्यंत पोहोचले, पण साऱ्या अटी त्यालाही पुऱ्या करता आल्या नाहीत. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

गांधीजी यंत्रांचे शत्रू होते, असे काही जण समजतात. यंत्रांचा शत्रू यंत्रासाठी लाखाचे बक्षीस कशाला लावील? या अटी पुन्हा वाचा. त्यांत सुताचा वेग आहेच, पण चालवणारीचे श्रम, तिची ऐपत आणि दुरुस्तीचा खर्चही आहे. यंत्र बनण्याआधीच ते कोणासाठी, हे ठरवून टाकले होते. आज ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ असलेली यंत्रे शेतात, दुकानात आणि कचेरीत येत आहेत. त्यांच्यासाठी कोणत्या अटी लिहाव्यात?

कापसाच्या शेतातले शिकणारे यंत्र

वर्धा जिल्हा कापसाचा. हिंगणघाटची कापसाची बाजारपेठ तुम्हाला ठाऊक असेल. या कापसाची एक वैरीण म्हणजे गुलाबी बोंडअळी. ती बोंडाच्या आत शिरून सरकी खाते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला लवकर कळत नाही. २००२ साली आलेल्या बीटी कपाशीमुळे सुरुवातीला बोंडअळ्यांना आळा बसला. पुढे गुलाबी अळीत प्रतिकारशक्ती निर्माण झाली आणि २०१७ साली विदर्भात तिने मोठे नुकसान केले. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेव्हा लक्षात घ्या, फवारणी न करण्याची चूक पिकाला भोवते, तर नको तेव्हा फवारणी करण्याची चूक खिशाला, जमिनीला आणि कधी जिवालाही भोवते.

मग फवारणी केव्हा करावी? त्यासाठी शेतात कामगंध सापळे लावतात. सापळ्यातल्या ल्यूरला मादी पतंगासारखा गंध असतो. त्याला भुलून नर पतंग येतात व अडकतात. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ किंवा अधिक पतंग सापडले, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजतात. याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात.

ही मोजणी यंत्राकडून करवून घेण्याचे प्रयत्न झाले आहेत. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने अशी प्रणाली तयार केली. सापळ्यातले पतंग कागदावर ओतायचे आणि मोबाइलने छायाचित्र घ्यायचे, की यंत्र पतंग ओळखते, मोजते व सल्ला देते. २०१९ साली या कामाला गूगलचे अनुदान मिळाले.

यंत्राला पतंग ओळखता येतो कसा? लहान मुलाला आपण ‘हा कावळा, ही चिमणी’ असे दाखवत शिकवतो. तसेच हजारो छायाचित्रे, प्रत्येकात पतंग कोठे आहे याची खूण करून, यंत्राला देतात. त्यांतून ते आकार व रंग यांचे नमुने पकडते. अर्थात, जे दाखवलेच नाही ते त्याला येत नाही.

शंभरात पंच्याण्णव!

आता थोडे गणित करू. समजा, अशा एका यंत्राला शंभरपैकी पंच्याण्णव वेळा बरोबर सल्ला देता येतो. परीक्षेत एवढे गुण मिळाले तर घरी पेढे वाटले जातील. पण १०,००० शेतकऱ्यांनी सल्ला विचारला, तर ५०० जणांना चुकीचा सल्ला मिळेल. त्यांच्या दृष्टीने यंत्र शेकडा पाच चुकले नाही, पूर्णच चुकले.

आणखी खोल जाऊ. समजा, यांपैकी ८,००० जणांचे फोन नवे आहेत आणि त्यांच्यात यंत्र शेकडा २ वेळा चुकते. म्हणजे १६० चुका. उरलेल्या २,००० कोरडवाहू शेतकऱ्यांचे फोन जुने, काचेला तडे गेलेले. तेथे ते शेकडा १७ वेळा चुकते. म्हणजे ३४० चुका. एकूण ५००, सरासरी तीच! सरासरीचा आकडा खरा असतो, पण नुकसान कोणाच्या माथी बसले हे तो सांगत नाही. ज्याला एक चूकही झेपणार नाही, त्याच्याच वाट्याला जास्त चुका आल्या.

येथे गणिताचे काम संपते आणि नीतीचे सुरू होते. या प्रश्नांचा विचार करण्याची साधने फार जुनी आहेत.

तीन जुने गुरू

ग्रीसमधील सॉक्रेटिस इ. स. पूर्व ३९९ मध्ये मरण पावला. आपल्याला काय ठाऊक नाही हे जाणणे, ही त्याच्या मते शहाणपणाची खूण होती. यंत्रालाही ही सवय लावता येते. चित्र अंधूक असेल तर त्याने ठोकून आकडा देऊ नये, ‘मला खात्री नाही, पुन्हा चित्र घ्या किंवा कृषी सहायकाला विचारा’ असे सांगावे. खात्री किती आहे याचा अंदाज यंत्राला करता येतो. तो दाखवायचा की लपवायचा, हे मात्र माणूस ठरवतो.

दुसरा ॲरिस्टॉटल. सद्गुण अती आणि उणे यांच्या मध्ये असतो, असे तो म्हणे. पण हा मध्य साऱ्यांसाठी सारखा नसतो. त्याने आखाड्याचे उदाहरण दिले आहे. दहा मापे अन्न फार आणि दोन थोडे, म्हणून प्रत्येकाला सहा मापे द्यावीत असे नाही. मोठ्या मल्लाला सहा कमी पडतील, नवशिक्याला जास्त होतील. हे ओळखण्याच्या शक्तीला आपण विवेक म्हणू. यंत्र पतंग मोजील, पण पाऊस येऊ घातला आहे का, फवारणाऱ्याजवळ मुखवटा व हातमोजे आहेत का, हे पाहण्याचा विवेक माणसाकडेच राहिला पाहिजे.

तिसरा विचार आपल्या मातीतला, विश्वस्त वृत्तीचा. ईशोपनिषदाच्या पहिल्याच मंत्रातल्या त्यागाच्या कल्पनेत गांधीजींना या विचाराचा आधार दिसला. संपत्ती ज्याच्या हाती आहे तो तिचा धनी नव्हे, सर्वांच्या वतीने सांभाळणारा विश्वस्त आहे. वर्ध्याचे व्यापारी जमनालाल बजाज यांनी हा विचार आचरणात आणण्याचा प्रयत्न केला. मगनवाडीची बाग व जागा त्यांनीच ग्रामोद्योगाच्या कामासाठी दिली. आजच्या काळात माहिती हीही संपत्तीच आहे. शेतकऱ्याच्या शेताची छायाचित्रे ज्या कंपनीकडे जमा होतात, ती त्यांची मालक की विश्वस्त? समजा, सल्ला देणारे यंत्र औषध विकणाऱ्याचेच असेल, तर ‘आज फवारू नका’ हा सल्ला ते मोकळ्या मनाने देईल काय?

माकड आणि मधमाशी

मगनवाडीतच १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम चाले. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे विलायतेत शिकलेले हिशेब तपासनीस होते. टिकाऊ अर्थव्यवस्थेवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४५ साली प्रसिद्ध झाले. निसर्गाकडे बोट दाखवून त्यांनी धंद्यांचे प्रकार सांगितले. माकड आमराईत शिरून आंबे खाते, झाडासाठी काहीच करत नाही. मधमाशी फुलातला मध नेते, पण परागसिंचन करून फुलाचे कामही करते. घेणारा धंदा आणि घेता घेता देणारा धंदा, हा तो फरक. शेतकऱ्यांची छायाचित्रे घेऊन त्यांनाच महाग सल्ला विकणारे यंत्र माकडाच्या जातीचे. त्याच छायाचित्रांनी सुधारून, जुन्या फोनवरही कमी चुकणारे यंत्र मधमाशीच्या जातीचे.

कुमारप्पा आणखी एक भेद करत. कोळसा, तेल हे संपणारे साठे, तर शेती आणि जंगल हे वाहते प्रवाह. यंत्राला शिकवताना मोठ्या संगणकांना पुष्कळ वीज लागते. ती कोळशाची असेल तर तोही खर्च हिशेबात धरला पाहिजे.

नव्या यंत्राच्या अटी

चरखा संघाप्रमाणे आता आपणही यादी करू.

१. चूक सरासरीत नव्हे, सर्वांत अडचणीतल्या गटात मोजावी.
२. खात्री नसेल तेव्हा यंत्राने तसे सांगावे.
३. शेवटचा निर्णय माणसाचा असावा आणि सल्ल्याचे कारण त्याला त्याच्या भाषेत कळावे.
४. माहिती ज्याची, त्याच्या संमतीवाचून ती दुसरीकडे जाऊ नये.
५. चुकीच्या सल्ल्याने नुकसान झाले तर दाद कोठे मागायची, हे आधीच ठरलेले असावे.
६. साध्या फोनवर, परवडेल अशा खर्चात ते चालावे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये युनेस्कोच्या १९३ सदस्य देशांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीविषयी शिफारशी स्वीकारल्या. यांतले बरेच मुद्दे त्यांतही आहेत.

१९२९ चे बक्षीस कोणालाच मिळाले नाही, म्हणून ती स्पर्धा फुकट गेली काय? आपल्या एका अटीला यंत्र उतरत नसेल, तर ती अट सैल करायची की यंत्र सुधारायचे? वर्गात याचा विचार करा.

करून पाहा

तुरीचे ३० दाणे व हरभऱ्याचे ३० दाणे एकत्र करा. एका मित्राला त्यातले मूठभर दाणे कागदावर पसरायला सांगा. फक्त पाच सेकंद पाहून तुरीचे दाणे किती ते लिहा, मग सावकाश खरी मोजणी करा. असे दहा वेळा भरपूर उजेडात आणि दहा वेळा अंधूक उजेडात करा. दोन्हींच्या चुकांची सरासरी आधी एकत्र काढा, मग वेगवेगळी. एकत्र सरासरीत काय लपले होते, ते वहीत लिहा.