आरसा आणि मोटर

बंगळुरूच्या वायव्येस वसलेले यशवंतपूर रेल्वे स्थानक, कारखाने आणि रहदारी यांनी सदैव गजबजलेले असते. तेथील एखाद्या गच्चीवरून हौशी निरीक्षकाला आकाश न्याहाळायचे असेल, तर त्याच्यापुढे दोन अडचणी उभ्या राहतात. ताऱ्यांचा प्रकाश अत्यंत क्षीण असतो आणि पृथ्वी क्षणभरही थांबत नाही.

मोठा आरसा कशासाठी?

अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर रुंदावते. २०० मिलिमीटर व्यासाचा आरसा तिच्या सुमारे ८०० पट प्रकाश गोळा करतो. व्यास दुप्पट केला, की प्रकाश चौपट होतो. न्यूटनने १६६८ मध्ये पहिली परावर्ती दुर्बीण तयार केली. भिंगाला केवळ कडेने आधार देता येतो. आरशाला मात्र पाठीमागूनही देता येतो. म्हणून मोठ्या दुर्बिणींत आरसाच वापरतात.

मोटर कशासाठी?

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. त्यामुळे स्थिर दुर्बिणीतून चंद्र दोनच मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो आणि मोठ्या वर्धनात ग्रह पाहता पाहता दृष्टीआड होतो. यावर उपाय म्हणून दुर्बिणीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवतात. मोटर दुर्बिणीला त्याभोवती पृथ्वीच्या उलट दिशेने, २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी या गतीने फिरवते.

या अक्षाचा क्षितिजाशी असलेला कोन त्या गावाच्या अक्षांशाइतका असतो. पुण्यात तो सुमारे साडेअठरा अंश, तर यशवंतपुरात सुमारे १३ अंश भरतो. ध्रुवताराही जवळजवळ तेवढ्याच उंचीवर दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश व्यापते. म्हणजे यशवंतपूरचा ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम सव्वा मूठ वर असतो आणि इमारतींआड सहज लपतो. अशा वेळी होकायंत्राने उत्तर दिशा ठरवावी लागते.

हौशी निरीक्षकांची वाट

पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ मध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. तेथील दुर्बिणीचा आरसा २० इंची होता. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. पुढे १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि सामान्य नागरिकांना आकाशनिरीक्षणाचे दालन खुले झाले. काचेच्या दोन चकत्यांमध्ये खरखरीत भुकटी व पाणी घालून त्या एकमेकींवर घासल्या, की वरची चकती अंतर्वक्र होत जाते. या रीतीने अनेक हौशी निरीक्षकांनी आपले आरसे स्वतः घडवले आहेत.

मात्र मोठा आरसा ताऱ्यांबरोबर शहराच्या दिव्यांचा उजेडही टिपतो. चंद्र, गुरू, शनी यशवंतपुरातूनही उत्तम दिसतात. अंधुक तेजोमेघांसाठी दुर्बीण गावाबाहेर न्यावी लागते. म्हणूनच दुर्बीण निवडताना आरशाच्या व्यासाइतकाच तिच्या वजनाचाही विचार करावा लागतो.

पाठगत प्रश्न

१. ४०० मिलिमीटरचा आरसा २०० मिलिमीटरच्या आरशाच्या किती पट प्रकाश गोळा करतो?
२. पुण्यात बसवलेली दुर्बीण यशवंतपुरात आणल्यास तिच्या अक्षात कोणता बदल करावा लागेल?
३. तुमच्या गावी ध्रुवतारा किती मुठी उंच दिसतो, ते मोजून लिहा.