बॅच नंबरशिवायचा साठा

मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत आमचं मेडिकल आहे. आमच्या धंद्यात मालाची नोंद म्हणजे नुसतं नाव आणि नग नव्हे. एकाच गोळीच्या चार स्ट्रिप रॅकमध्ये असतील, तर त्यांचे बॅच नंबर निराळे, एक्सपायरी निराळी आणि कधीकधी छापील किंमतही निराळी. कंपनीने एखादी बॅच परत मागवली, तर ती कोणत्या स्टॉकिस्टकडून आली आणि त्यातली किती विकली गेली, हे तिथल्या तिथे सांगता यायला हवं. शेड्यूल एच-१ मधल्या औषधांची, म्हणजे टीबीची औषधं, काही भारी अँटिबायोटिक आणि झोपेच्या गोळ्या यांची, २०१४ पासून वेगळी नोंद ठेवावी लागते. डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहून ती तीन वर्षं जपायची असते. ही नोंद विस्कटली तर दुकान उघडं असूनही माणसाचे हात बांधले जातात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं. ओळखीच्या व्यापाऱ्यांचे संगणक काउंटरखालीच बुडाले आणि त्यांच्याबरोबर उधारीचे हिशेबही गेले. ते पाहून आम्ही क्लाउडवरचं बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं. तो निर्णय योग्यच होता, असं मी आजही म्हणेन. पूर आपल्या गावात येतो, तेव्हा नोंदींची एक प्रत गावाबाहेर असलीच पाहिजे.

काही वर्षं काम छान चाललं. मग एका मार्च महिन्यात ईमेल आला : अमुक तारखेपासून ही सेवा बंद होत आहे, आपली माहिती उतरवून घ्यावी. आम्ही उतरवायला बसलो. बिलं मिळाली, पण सगळी पीडीएफमध्ये. साठ्याची यादी एक्सेलमध्ये आली, पण तिच्यात बॅच आणि एक्सपायरीचे रकानेच नव्हते. हजारो नावं, त्यांच्यापुढे फक्त आकडे. शिवाय खात्याचा ओटीपी येत होता तो सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या माणसाच्या मोबाईलवर. नोंदणी करताना त्याने परस्पर स्वतःचा नंबर टाकला होता आणि आता तो दुसऱ्या शहरात नोकरीला लागला होता. तो गृहस्थ सज्जन निघाला, म्हणून प्रत्येक वेळी फोन उचलून आकडे सांगत राहिला. त्याने नंबर बदलला असता तर काय झालं असतं, हा विचारही नको वाटतो.

दुकान बंद झाल्यावर रात्री आम्ही घरची सगळी माणसं आणि कामाची मुलं मिळून रॅक रिकामे करायचो आणि एकेक स्ट्रिप हातात घेऊन बॅच लिहायचो. कापलेल्या स्ट्रिपवर बॅच नंबरचा अर्धाच भाग उरलेला असतो. तो वाचताना डोळे अक्षरशः दुखायचे. सगळ्यात वाईट वाटलं ते आईला भिंगातून इन्सुलिनच्या खोक्यांवरच्या तारखा वाचताना पाहून.

म्हणून माझ्यासारख्या छोट्या दुकानदारांना कळकळीने सांगतो. नवा स्टॉकिस्ट धरताना आपण पहिला प्रश्न काय विचारतो? एक्सपायरी परत घेणार का, आणि किती महिन्यांत. सॉफ्टवेअर घेतानाही तोच प्रश्न हवा. उद्या मला सोडायचं झालं, तर माझी माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल? तोंडी ‘हो साहेब, सगळं मिळतं’ यावर थांबू नका. डेमोच्या वेळीच दहा औषधं बॅचसकट भरायला लावा, ती बाहेर काढायला सांगा आणि ती फाइल आपल्या संगणकावर उघडून रकाने मोजा. बॅच, एक्सपायरी, एमआरपी, एचएसएन, जीएसटीचा दर, पुरवठादार. एक जरी गळला, तरी विचार करा. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. वर्गणी मात्र एका वर्षाची असते. मधल्या काळात कंपनी विकली गेली, तरी कायदा आपल्यालाच विचारणार.

खातं दुकानाच्या स्वतःच्या नंबरावर आणि ईमेलवर काढा. काउंटरवरच्या मुलाच्या नको, विक्रेत्याच्या तर मुळीच नको. महिन्यातून एकदा पूर्ण माहिती उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि काम झालं की डिस्क काढून घरी न्या. ती संगणकाला कायम जोडलेली राहिली, तर खंडणीखोर व्हायरस मूळ फायलींबरोबर तिलाही कुलूप लावतो. आणि सपोर्टवाल्या मुलाला दुरून संगणक हाताळू द्यायचा असेल, तर काम संपताच ती परवानगी काढून घ्या. आपल्या रजिस्टरात माणसांची नावं आणि त्यांचे आजार आहेत. त्यांनी ते विश्वासाने आपल्याला सांगितलेले असतात.

आता वाय-फायबद्दल. नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा बिलिंगचा संगणक, प्रिंटर, स्कॅनर असं सगळंच बिनतारी करून दिलं गेलं. दिसायला देखणं होतं. पण संध्याकाळी ओपीडी सुटली की नेमकं बिल अडकायचं. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये विनापरवाना वापरासाठी खुला झाला. खुला, म्हणजे तो प्रत्येक दवाखान्याचा, लॅबचा आणि वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचाही आहे. ब्लूटूथ तिथेच चालतं, मायक्रोवेव्हचा गोंधळही तिथेच. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन आहेत : १, ६ आणि ११. त्यात आमच्या दुकानात लोखंडी रॅक आणि औषधांचा फ्रीज, दोन्ही लहरी अडवणारे. दोष ना सॉफ्टवेअरचा होता, ना नेट कंपनीचा.

उपाय स्वस्तात झाला. काउंटरचा संगणक जागचा हलत नाही, त्याला साधी लॅन केबल ओढली. प्रिंटर यूएसबीने जोडला. मोबाईलसाठी ५ गिगाहर्ट्झ ठेवला. तो भिंतीपलीकडे फारसा जात नाही, पण एका गाळ्याच्या दुकानात ती सोयच आहे. राउटर फ्रीजमागून काढून उंचावर टांगला, त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस बंद केलं.

रुग्णांचे नातेवाईक वाय-फाय मागतात. गावाकडून आलेले असतात, घरी व्हिडिओ कॉल करायचा असतो. त्यांना नाही म्हणवत नाही आणि म्हणूही नये. त्यांच्यासाठी राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क सुरू करा. तो पासवर्ड भिंतीवर लावला तरी चालेल, कारण तिथून बिलिंगच्या संगणकापर्यंत वाट नसते. ते नीट वेगळं आहे ना, एवढं एकदा जाणकाराकडून तपासून घ्या.

नेट जाणारच, पावसाळ्यात तर हमखास. यूपीआयचा साउंडबॉक्स बहुधा स्वतःच्या सिमवर चालतो, त्यामुळे पैसे जमा झाल्याचं तो सांगत राहतो, पण बिल कशावर करायचं? औषधाचा परवाना क्रमांक छापलेलं एक बिलबुक गल्ल्यात ठेवा. आणि नवं सॉफ्टवेअर दाखवायला कुणी आलं, तर चहा द्या, सगळं ऐकून घ्या, मग त्याच्यासमोर नेटची केबल काढून एक बिल करून मागा. बिल निघालं, तर केबल परत जोडा आणि तेच बिल बॅच नंबरसकट क्लाउडवर पोचलं का ते पाहा. किमतीचं बोलणं त्यानंतर.