तळ्याकाठचे गाव : सावंतवाडी

मुलांनो, तुम्हांला प्रवास आवडतो ना? चला तर मग, आज आपण एस.टी.ने सावंतवाडीला जाऊ. सावंतवाडी हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक हिरवेगार गाव आहे. आपली गाडी कोल्हापूरहून सुटेल. खिडकीजवळची जागा धरा!

सुरुवातीला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाची शेते दिसतात. पुढे आजरा लागते. येथील घनसाळ तांदूळ प्रसिद्ध आहे. त्यानंतर झाडी दाट होत जाते आणि आपण आंबोलीला पोहोचतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांपैकी हे एक आहे. पावसाळ्यात येथे धुके इतके दाट असते, की चालकाला भर दिवसा गाडीचे दिवे लावावे लागतात.

येथील एक गंमत ऐका. हिरण्यकेशी नदी आंबोलीजवळ उगम पावते. ती पूर्वेकडे वाहते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. पण घाटातून पश्चिमेला कोसळणारे पाणी अरबी समुद्राकडे जाते. एकाच डोंगरावरचा पाऊस, पण वाटा दोन!

आता गाडी वळणे घेत घाट उतरते. हवा उबदार होते. नारळ, सुपारी, आंबा, फणस आणि काजूची झाडे दिसू लागतात. थोड्याच वेळात सावंतवाडी येते.

गावाच्या मध्यभागी मोठे तळे आहे. त्याचे नाव मोती तलाव. तो 1874 साली बांधण्यात आला. एका बाजूला राजवाडा, दुसऱ्या बाजूला बाजार आणि जवळच नरेंद्र डोंगराची हिरवी रांग. संध्याकाळी लहानथोर माणसे तळ्याकाठी फिरायला येतात. तुम्हीही काठावर थोडा वेळ बसा. मात्र शेंगांची टरफले आणि कागद पाण्यात टाकू नका. तळे गावाचे आहे, तसे पाहुण्यांचेही आहे.

येथून चितारआळीत चला. लाकडाला आकार देऊन त्यावर रंगकाम करणारे कारागीर म्हणजे चितारी. त्यांनी बनवलेली लाकडी फळे, भाज्या आणि खेळणी इतकी हुबेहूब असतात, की केळे खरे समजून हात पुढे होतो!

राजवाड्यात आणखी एक कला पाहायला मिळते. ती म्हणजे गंजिफा. गंजिफा हा पत्त्यांचा जुना खेळ आहे. त्याची पाने गोल असतात आणि प्रत्येक पान हाताने रंगवलेले असते. हा खेळ इराणकडून भारतात आला. बादशहा बाबराने 1527 साली सिंधमधील आपल्या मित्राला गंजिफाची पाने पाठवली होती. ही नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे.

मुघल गंजिफात आठ रंग असतात. त्यांची नावे वाचा : ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. यांतील किती शब्दांचे अर्थ तुम्हांला कोणाला न विचारता कळले? प्रत्येक रंगाची बारा पाने, म्हणजे एकूण 96 पाने. भारतात आल्यावर या खेळाने नवे रूपही घेतले. दशावतारी गंजिफात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग असतात. त्यात 120 पाने असतात. सावंतवाडीत दोन्ही प्रकार रंगवले जातात.

छापील पत्ते स्वस्त मिळू लागले, तशी गंजिफाला गिऱ्हाइके उरली नाहीत. सावंतवाडीत ही पाने रंगवणारे कारागीर जवळजवळ संपले. तेव्हा राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुढाकार घेतला. सत्वशीलादेवी एका वृद्ध चिताऱ्याकडून ही कला स्वतः शिकल्या. मग राजवाड्यातच तरुण कारागिरांना काम मिळाले. शिकवणारा असताना शिकणारा भेटला, म्हणून कला वाचली.

तुमच्या घरात किंवा गल्लीतही कोणी विणकाम, नक्षीकाम किंवा सुलेखन जाणत असेल. आज घरी गेल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, "मला शिकवाल का?"

स्वाध्याय

1. आंबोलीच्या पावसाचे पाणी कोणत्या दोन दिशांना जाते?
2. मुघल गंजिफा व दशावतारी गंजिफा यांत कोणता फरक आहे?
3. गंजिफाची कला कशी वाचली?
4. तुमच्या परिसरातील एका कारागिराला भेटा व त्याच्या कामाविषयी पाच वाक्ये लिहा.