तारीख बरोबर, अक्षरं मात्र भलतीच

प्रश्न : सोयाबीनच्या शेतात ओलावा नोंदवणाऱ्या यंत्रात लिनक्स बोर्ड आहे. सस्पेंडमधून जागा झाल्यावर तारीख बरोबर असते, पण सिरियल पोर्टवर भलतीच अक्षरं उमटतात. आरटीसी बदलू का?
– एक वाचक, उंद्री (ता. चिखली, जि. बुलढाणा)

उत्तर : आरटीसीला हात लावू नका. तारीख बरोबर आहे, म्हणजे त्याचा ३२,७६८ हर्ट्‌झचा क्रिस्टल झोपेतही चालू होता. संशय पीएलएलवर, म्हणजे चिपच्या क्लॉकचा वेग ठरवणाऱ्या भागावर घ्या. गाढ सस्पेंडमध्ये त्याची वीज गेली तर रजिस्टरं पुसली जातात. उठल्यावर सिरियल ड्रायव्हर मात्र जुन्याच वेगाच्या हिशेबाने भाजक बसवतो आणि बॉड रेट चुकतो. तुम्ही म्हणाल, क्लॉकच्या यादीत वेग तर बरोबर दिसतो! तो आकडा सहसा कर्नलने आधीच लक्षात ठेवलेला असतो, चिपवर मोजलेला नसतो. म्हणूनच तोच वेग पुन्हा मागूनही उपयोग होत नाही. बदल नाही असं समजून कर्नल हार्डवेअरला न शिवताच परततो. तेव्हा क्लॉक ड्रायव्हरमध्येच झोपण्याआधी रजिस्टरं जपून ठेवा. उठताना आधी पीएलएल लावा, तो लॉक होईपर्यंत थांबा, मग भाजक आणि मक्स, शेवटी गेट. हे सिसकोर टप्प्यावर करा, कारण बाकीचे ड्रायव्हर त्यानंतर जागे होतात. दर वेळी रीबूट करणं सोपं वाटेल, पण पावसाळी ढगाळ आठवड्यात सौर बॅटरीवर तो भार टाकू नये.