परदेशी शिकायला निघताना रोजच्या गोळ्यांचं काय?

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर लेकरू इंग्लंडला निघालं आणि त्याला थायरॉइड किंवा शुगरची रोजची गोळी असली, की आई-वडील आम्हाला विचारतात, "गोळ्या कुरिअरनं पाठवू का?" आम्ही नको म्हणतो. वाटेत अडकल्या तर खंड पडतो.

हिंगोली-वसमतला जुनी चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाला गोळ्या देतो. तिथं आपली चिठ्ठी चालत नाही. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेलाच असतो. पोहोचताच राहत्या भागातल्या 'जीपी' डॉक्टरकडं नाव नोंदवावं. इथल्या डॉक्टरांकडून आजार, मात्रा आणि औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नव्हे, इंग्रजीत लिहून न्यावं. जीपीनं गोळी कायम चालू ठेवली तरी दर वेळी मागणी आपणच नोंदवायची, एनएचएसच्या ॲपवरून, आठवडाभर आधी. मधूनमधून तपासणीला बोलावतात, तेही चुकवू नये.

इंग्लंडात २०२४ पासून दर औषधाला ९.९० पौंड लागतात. मात्र कमी थायरॉइड, मधुमेह किंवा फिटचं औषध कायम चालू असेल, तर जीपीकडं 'एफपी९२ए' फॉर्म मागावा. मग सगळीच औषधं मोफत. मागितल्याशिवाय हे मिळत नाही. नुसत्या बीपीला ही सवलत नाही. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कुणालाच पैसे पडत नाहीत.