आयआयएमच्या वाटेवरचं बी.कॉम.

अगं, एस.वाय. संपत आलं आणि तू ठरवलंस की आता कॉलेज नावापुरतं, सगळा वेळ कॅटला. मावशीचं जरा ऐक. कॉमर्सच्या मुलांना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यातली बरीच याच वाटेने गेली. म्हणून सांगते, आधी तुझं बी.कॉम. जप.

दहावी-बारावीचे गुण आता बदलायचे नाहीत. मुलाखतीला कोणाला बोलवायचं हे ठरवताना आयआयएम ते धरतात, बंगळूरूला तर त्यांना चांगलंच वजन आहे. नोकरीचा अनुभव तुझ्याकडे नाही, म्हणजे तिथले गुणही नाहीत. हातात उरलं कॅट आणि पदवी. पदवीला खुल्या गटात 50 टक्के पुरतात हे खरं, पण ते फॉर्म भरण्यापुरतं. टी.वाय.ला एखादी केटी लागली तर वर्षभराची मेहनत त्या एका विषयापाशी अडते.

आणि मुलाखतीत तुला विचारणार काय? नोकरी केलेल्याला कामाबद्दल विचारतात, तुला तुझ्या विषयाबद्दलच विचारणार. समज, पॅनेलने विचारलं, ‘कंपनीला नफा झालाय, तरी पगाराला पैसे नाहीत, असं कसं?’ इथे गाइडमधली व्याख्या उपयोगाची नाही. उधारी वाढली असेल, माल गोदामात पडून असेल, पैसा नव्या मशीनमध्ये गेला असेल, हे तुला ताळेबंद डोळ्यांपुढे आणून बोलता आलं पाहिजे. त्यासाठी एशियन पेंट्ससारख्या एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल घे. तिच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि कॅश फ्लो शेजारी शेजारी ठेवून वाच, खालच्या टिपांसकट. मग बाबांच्या दुकानाची वही माग. दिवाळीनंतर किती उधारी थकते, घाऊकवाला किती दिवसांची मुदत देतो, कुठला माल वर्षभर हलत नाही, हे त्यांना विचार. पदवी संपताच एमबीए कशाला, असं विचारलं की या दुकानातून सुचलेलं उत्तर तुझं स्वतःचं असेल. पाठ केलेलं भाषण अनुभवी माणसाला दोन वाक्यांत कळतं. इंजिनिअर नसणं ही उणीव समजू नकोस. काही आयआयएम वेगळ्या शाखेच्या मुलांना आणि मुलींना त्याचे थोडे गुणही देतात.

आता कॅट. परीक्षा नोव्हेंबरअखेरच्या रविवारी असते, फॉर्म साधारण ऑगस्टमध्ये निघतात. तुझी पाचव्या सेमिस्टरची परीक्षा नेमकी त्याच सुमारास येते. म्हणून गणिताचा पाया या मे महिन्याच्या सुट्टीतच पक्का कर आणि प्रोजेक्ट सप्टेंबरपर्यंत हातावेगळे कर. तीन विभाग, प्रत्येकाला 40 मिनिटं, एका विभागातून दुसऱ्यात मागे-पुढे जाता येत नाही. बहुतेक ठिकाणी प्रत्येक विभागाचा वेगळा कटऑफ असतो, त्यामुळे एकात कच्चं राहून दुसऱ्यात भरून काढता येत नाही. बरोबर उत्तराला 3 गुण, पर्याय चुकला तर 1 वजा. प्रश्न सोडून देण्याचाही सराव लागतो, आणि आपल्या हुशार मुलांना तेच जमत नाही. मॉक द्यायला दोन तास लागत असतील तर तो तपासायला चार दे. इंग्रजी विभागातले बहुतेक प्रश्न उताऱ्यांवर असतात. मराठी माध्यमाची म्हणून शब्दांच्या याद्या पाठ करत बसू नकोस, रोज एक मोठा इंग्रजी लेख शेवटपर्यंत वाच आणि लेखकाचं म्हणणं मराठीत मला सांग.

राज्याच्या एमबीए सीईटीलाही कमी लेखू नकोस. जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुण्याचं पुम्बा ही दारं मुख्यतः तिनेच उघडतात, आणि बजाजचं शुल्क मोठ्या आयआयएमच्या मानाने खूपच कमी. पेपरची आजवरची पद्धत अशी: 200 प्रश्न, 150 मिनिटं, चुकीला वजाबाकी नाही. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. कॅटला जी सवय लावलीस तिच्या उलट, म्हणून शेवटचे काही आठवडे फक्त सीईटीचेच पेपर सोडव.

राहिले कागद. ओबीसी असलेल्या तुझ्या मैत्रिणींनाही सांग, आयआयएमला नॉन-क्रिमिलेअर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं चालत नाही. राज्याच्या यादीतली जात केंद्राच्या यादीत असेलच असंही नाही, ते आधी बघावं. सीईटीच्या प्रवेशाला जात पडताळणी लागते, तिला महिने जातात, तेव्हा अर्ज आत्ताच टाकावा. आयआयएमला निवड झाली आणि निकाल लांबला, तर पदवीच्या सगळ्या अटी पूर्ण केल्याचं प्राचार्यांचं पत्र साधारण जूनअखेरपर्यंत द्यावं लागतं. सुट्टीत कॉलेजच्या ऑफिसात माणूस सापडत नाही, म्हणून शेवटचा पेपर झाला की त्याच आठवड्यात पत्रासाठी अर्ज देऊन ये आणि पोचेवर शिक्का घे.